प्राणायामाची फी

विद्या विकावी कीं विकूं नये, या प्रश्नाची चर्चा ज्यांचें पोट विद्या विकूनच भरतें त्यांनीं फार उंच स्वरांत करूं नये, असा एक धडा मला वयाच्या बावन्नाव्या वर्षीं मिळाला. तो मिळाला एका देवळाच्या ओवरींत, सतरंजीवर मांडी घालून बसलों असतां. आणि देणारे गृहस्थ कोणी शास्त्री-पंडित नव्हते, तारऑफिसांतून निवृत्त झालेले एक कारकून होते. आयुष्याचीं जवळजवळ तीन तपें त्यांनीं लोकांच्या सुखदुःखाचे शब्द मोजून शब्दागणिक पैसे आकारण्यांत घालविलीं, आणि पुढचीं दोन तपें एक पैसाहि न घेतां लोकांना श्वास घ्यावयास शिकविण्यांत घालविलीं. या विरोधाचें त्यांना स्वतःला कधीं नवल वाटलेलें मीं पाहिलें नाहीं. आम्ही सर्व त्यांना गुरुजी म्हणतों. ते स्वतःला वर्गाचा मॉनिटर म्हणवितात.

मी त्यांच्याकडे प्रथम गेलों तो २००९ सालच्या पावसाळ्यांत. मोक्षाची इच्छा मला तेव्हां नव्हती, झोपेची होती. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, कॉलेजांतल्या कमिट्या आणि मानेंत भरलेली एक चमक यांनीं कित्येक रात्रीं डोळ्याला डोळा लागूं दिला नव्हता. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनीं सदाशिव पेठेंतल्या एका जुन्या देवळाचा पत्ता सांगितला. सभामंडपाच्या मागें एक लांबट ओवरी, भिंतींत एक फडताळ, कोपऱ्यांत गुंडाळून ठेवलेल्या सतरंज्या, आणि पहाटे पावणेसहाला स्वतःच्या हातानें केर काढणारे गुरुजी. मीं फी विचारली. ते म्हणाले, "वेळेवर या, एवढीच."

तीन महिने त्यांनीं मला प्राणायामाला हात लावूं दिला नाहीं. आधीं बसायला शिका, मग श्वासाकडे पाहूं, हा त्यांचा क्रम. पुढें घरीं पतंजलीचीं सूत्रें उघडलीं तेव्हां समजलें कीं क्रम त्यांचा नव्हे, सूत्रकारांचाच आहे. आसन साधल्यावर प्राणायाम. पण त्याच सूत्रांत आसनाच्याहि आधीं यम आणि नियम अशा दोन पायऱ्या आहेत, आणि अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य व अपरिग्रह हे पांच यम तर अगदीं पहिल्या पायरीवर बसले आहेत. त्यांचें काय, असें मीं एकदां विचारलें. गुरुजी हंसून म्हणाले, "त्या पायऱ्या देवळाच्या बाहेर आहेत. येतां येतां चढून यायच्या." मला तो विनोद वाटला.

दहा-अकरा वर्षें वर्ग असा चालला. दरम्यान २०१४ च्या डिसेंबरांत संयुक्त राष्ट्रसंघानें २१ जून हा योगदिन ठरविला, २०१५ पासून तो जगभर साजरा होऊं लागला, आणि आमच्या पेठेपासून हांकेच्या अंतरावर कांचेच्या दारांचीं आणि सुगंधी मेणबत्त्यांचीं योगालयें उघडलीं. कोठें महिन्याला दोन हजार रुपये, कोठें चार; कोठें दोनशें तासांत शिष्याचा गुरु करून देण्याची हमी. तीं पाहून मला एक प्रकारचें सात्त्विक समाधान होई. "आमच्या गुरुजींचा वर्ग विनामूल्य आहे," हें वाक्य मी पाहुण्यांना अशा सुरांत ऐकवीत असें, कीं जणूं पैसे न घेण्याचें पुण्य माझ्याच खात्यावर जमा होत होतें. न घेणाराच्या पुण्यांत न देणाराला कितपत वांटा मिळतो, हा विचार मला शिवला नव्हता.

खरें पाहतां विनामूल्य वर्गालाहि त्याचे स्वतःचे रोग असतात. थंडी पडली कीं आमची निम्मी ओवरी रिकामी होई. उशिरां येणारा उशिरां आल्याचें कारणहि सांगत नसे. फी न देणारावर रागावणार कोण? आणि बारा वर्षांत सतरंज्या किती वेळां बदलल्या, त्या कोणीं आणल्या, दिव्याचें बिल कोण भरतें, हें आमच्यापैकीं एकानेंहि विचारलें नव्हतें. फुकट मिळणाऱ्या वस्तूची किंमत कोणी तरी देतच असतो. तो आपण नसतों, म्हणून ती आपणांस दिसत नाहीं.

२०२० च्या मार्चांत सर्वांबरोबर आमचीहि ओवरी बंद झाली. ती २०२२ त उघडली तेव्हां देवस्थानच्या विश्वस्तांनीं कळविलें, कीं यापुढें ओवरीला दरमहा सहा हजार रुपये भाडें पडेल. त्यांनाहि दोष देववत नाहीं. सभामंडपाचें छप्पर गळत होतें, आणि दोन वर्षांत पेटींत दाणा पडला नव्हता. एका रविवारीं वर्ग संपल्यावर आम्ही सव्वीस जण विचारास बसलों. निवृत्त इंजिनियर असलेल्या एका सभासदांनीं कागदावर हिशेब करून दरडोई तीनशें रुपयांची सूचना मांडली. तेव्हां मी उठलों, आणि पाऊण तासाच्या व्याख्यानाची संवय असल्यामुळें वीसच मिनिटें बोललों.

काय बोललों तें आठवलें म्हणजे आजहि कान तापतात. वेतन घेऊन शिकविणाराला, आणि त्याच्याकडे शिकणारालाहि, मनुस्मृतीनें श्राद्धाच्या पंक्तींतून उठविलें आहे, हें सांगितलें. कीर्तनकारानें कीर्तनाच्या ठिकाणीं अन्नहि घेऊं नये इतका कडक दंडक तुकोबांनीं घातला, हें सांगितलें. नागपुरांत जनार्दनस्वामींनीं स्थापिलेलें योगाभ्यासी मंडळ विनामूल्य योग शिकवीत आलें आहे, त्याचा दाखला दिला. आणि शेवटीं म्हणालों, "ज्या दिवशीं या दारांतून पैसा आंत येईल, त्या दिवशीं योग बाहेर जाईल आणि मागें नुसता व्यायाम उरेल." दोघा-तिघांनीं टाळ्याहि वाजविल्या.

गुरुजींनीं सर्व शांतपणें ऐकून घेतलें. मग विचारलें, "प्रोफेसरसाहेब, तुम्ही कॉलेजांत काय शिकवितां?"

"इंग्रजी नाटक."

"पगार घेऊन?"

"अर्थात."

"मग पगार सुरू झाला त्या दिवशीं नाटक बाहेर गेलें का?"

सगळे हंसले. मीहि हंसलों, पण तें हंसणें घशाखालीं उतरलें नाहीं. तीनशें रुपये फी ठरली. उरतील त्या पैशांत सतरंज्या व दिवाबत्ती. "आणि वर्षाअखेर त्यांतून कांहीं शिल्लक पडली तर माझा चष्मा बदलायचा आहे, तो त्यांतून करीन," असें गुरुजींनीं सर्वांदेखत सांगून टाकलें. मला वाटलें होतें, ते निदान स्वतःपुरता तरी पैशाला स्पर्श करणार नाहींत. त्यांना तशी आवश्यकता वाटली नाहीं.

वादांत हरलेला प्राध्यापक घरीं जाऊन पुस्तकें काढतो. मींहि काढलीं, आणि माझ्याच साक्षीदारांनीं माझ्याविरुद्ध साक्ष दिली. 'मालविकाग्निमित्रां'तला नाट्याचार्य गणदास पहिल्याच अंकांत तडफेनें सांगतो, कीं ज्याची विद्या केवळ उपजीविकेकरितां आहे तो ज्ञानाचा व्यापारी होय. विद्यार्थिदशेपासून हें वचन मी ऐकत आलों आहें. पण त्याच प्रवेशांत विदूषक या आचार्यांच्या वेतनावरून त्यांना डिवचीत असतो, हें मी विसरलों होतों. म्हणजे बोलणारा स्वतः दरबारचा पगारी नोकर! तेव्हां त्या वचनाचा सगळा भार 'केवळ' या एका शब्दावर आहे. वेतन घेणें हा व्यापार नव्हे. वेतन वजा केल्यावर शिकविणारांत कांहींच न उरणें, हा व्यापार.

उपनिषदें उघडलीं तों तेथेंहि तोच अनुभव. बृहदारण्यकांत जनक राजा याज्ञवल्क्याला हजार गाई देऊं करतो, तेव्हां याज्ञवल्क्य 'मला गाई नकोत' असें म्हणत नाहीं. पुरतें शिकविल्यावांचून घेऊं नये असें माझ्या वडिलांचें मत होतें, एवढेंच तो म्हणतो. छांदोग्यांतला गाडीखालीं बसलेला रैक्व तर जानश्रुतीच्या सहाशें गाई परत पाठवितो, आणि हजार गाईंसह मुलगीहि देऊं केल्यावर राजी होतो. दसऱ्याला आपट्याचें पान हातीं देतांना ज्याची आठवण काढतात त्या कौत्साची गोष्ट घ्या. वरतंतु मुनींना कांहीं नको होतें; शिष्यानेंच हट्ट धरला, म्हणून रागावून त्यांनीं चौदा विद्यांचे चौदा कोटी मागितले. या सगळ्या कथांत देणें-घेणें आहेच. फरक आहे तो निराळाच: दक्षिणा विद्येनंतर येते, फी विद्येच्या आधीं, दक्षिणा देणाराच्या ऐपतीप्रमाणें पडते, फी सर्वांना सारखी. हा फरक लहान नाहीं, हें मला पुढें दोनच महिन्यांत कळावयाचें होतें.

आधुनिक इतिहासहि हेंच सांगतो. मैसुरास राजवाड्यांत कृष्णम्माचार्यांची योगशाळा चालली ती कृष्णराज वडियार यांच्या आश्रयावर. कुवलयानंदांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें. त्यांच्या मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील केंद्राला देणगीदार घराण्यांतील ईश्वरदास चुनीलाल यांचें नांव आहे. औंधाच्या पंतप्रतिनिधींनीं शाळाशाळांतून सूर्यनमस्कार घालावयास लावले, त्यामागेंहि संस्थानचा खजिना होता. राजे गेले तसा त्यांचा खजिनाहि गेला, आणि त्याच्या जागीं विद्यार्थ्याचा खिसा आला. आमच्याच पुण्यांत १९३७ सालीं डेक्कन जिमखान्याच्या बोलावण्यावरून सहा महिन्यांकरितां म्हणून बी. के. एस. अय्यंगार आले, ते कायमचे येथले झाले. पहिल्या वर्षांतल्या उपासमारीचें वर्णन त्यांनीं स्वतःच करून ठेवलें आहे. पुढें १९६६ सालीं त्यांचा ग्रंथ निघाला, १९७५ सालीं संस्था उभी राहिली, फी देणारे शिष्य देशोदेशींहून आले. आणि नव्वदी ओलांडल्यावरहि, २०१४ सालच्या देहावसानाच्या अलीकडेपर्यंत, त्यांचा स्वतःचा अभ्यास चालूंच होता. उपाशी असतांना ते अधिक योगी होते आणि पोटभर जेवूं लागल्यावर कमी झाले, असें म्हणणाराला अध्यात्माचें माप पोटाच्या खळगीवरून घ्यावें लागेल.

सरकारनेंहि या पेंचांतून आपल्यापुरती वाट काढली आहे. २०१५ च्या वित्त अधिनियमानें आयकराच्या कायद्यांतील धर्मादाय कार्यांच्या व्याख्येंत योगाचा स्वतंत्र उल्लेख केला. म्हणजे नोंदणीकृत विश्वस्त संस्थेंत केलें तर तें धर्मकृत्य, आणि तेंच ताडासन शेजारच्या कांचेच्या दारामागें केलें तर धंदा. कायद्याला संस्था दिसते. आसन करणाराचें मन त्याला दिसत नाहीं, आणि दिसावें अशी अपेक्षाहि नाहीं.

असो. आमची फी सुरू झाली, आणि पहिला परिणाम पाहून मी खजील झालों. कारण तो चांगला होता. सव्वीसांतले चोवीस लोक वेळेवर येऊं लागले. पण दुसऱ्या महिन्यांत दुसरा परिणाम दिसूं लागला. एकानें विचारलें, शवासन आज दोन मिनिटें आधीं कां आटोपलें? दुसऱ्याला पंख्याचा वारा पोंचत नव्हता. तिसऱ्यानें दोन महिन्यांची फी भरूनहि रक्तदाब उतरला नाहीं, याबद्दल गुरुजींकडे जवळजवळ जाबच मागितला. विद्यार्थी मागतो, गिऱ्हाईक वसूल करतें. पैशानें योग बिघडला नव्हता. योगासमोर बसलेला माणूस बदलूं लागला होता.

तिसरा परिणाम कोणाच्याच लक्षांत आला नाहीं. चार घरीं स्वयंपाक करणाऱ्या एक बाई आमच्या वर्गांत येत. माझ्याहि आधींपासून त्या येत होत्या, आणि वर्गांत सर्वांत स्थिर पद्मासन त्यांचें होतें. सातला पहिल्या घरची पोळी लाटावयास उभें राहण्यापूर्वींचा तेवढा एक तास त्यांचा स्वतःचा असे. त्यांची फी अर्थात् माफ करण्यांत आली. तसा ठराव मीच मोठ्या उदारपणें मांडला होता. त्या यावयाच्या बंद झाल्या. महिनाभरानें मंडईंत भेटल्या तेव्हां मीं कारण विचारलें. त्या म्हणाल्या, "सर, तीनशें रुपये जड नव्हते असं नाहीं. पण इकडून तिकडून केले असते. त्या वहींत माझ्या नांवापुढं 'माफ' लिहिलंय. माफ करण्यासारखं मी काय केलं हो?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. मीं तो गुरुजींना जसाच्या तसा सांगितला. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत.

दुसऱ्या दिवशीं वही नाहींशी झाली होती. फडताळांत एक पितळी डबा आला होता. घरचा जुना, झांकणाला चीर पाडलेला. गुरुजींनीं नियम सांगितला: पहिल्या तारखेला सर्वांनीं सभामंडपांत थांबावें, आणि एकेकानें ओवरींत जाऊन यावें. डब्यांत टाकावेंसें वाटेल तें टाकावें. न वाटल्यास तसेंच बाहेर यावें. मात्र आंत सर्वांनीं जावयाचें. इंजिनियर गृहस्थ म्हणाले, मोबाइलवरून पैसे पाठविण्याची सोय करूं, हिशेब चोख राहील. गुरुजी म्हणाले, "नको. त्यांत नांव येतं." महिनाअखेर ते डबा उघडीत, तारऑफिसच्या संवयीनें नोटा दोनदां मोजीत, आणि बेरीज तेवढी सांगत. बाई पुन्हां येऊं लागल्या.

मला या डब्यानें प्रोटॅगोरसाची आठवण करून दिली. ग्रीसमध्यें पैसे घेऊन शिकविणारे जे सॉफिस्ट म्हणून बदनाम झाले, त्यांतला हा अग्रणी. प्लेटोच्या संवादांत तो आपली फी घेण्याची रीत सांगतो: मागितलेली रक्कम शिष्याला जास्त वाटली तर त्यानें देवळांत जावें, शिकलेल्या विद्येची खरी किंमत आपल्या मतें किती तें शपथेवर सांगावें, आणि तेवढीच ठेवावी. सॉक्रेटिसानें मात्र कोणाकडून कांहीं घेतलें नाहीं, आणि न्यायालयांत आपल्या दारिद्र्यालाच साक्षीस उभें केलें. आम्ही प्राध्यापक सॉक्रेटिसाची बाजू शिकवितों आणि प्रोटॅगोरसाप्रमाणें पैसे घेतों. पण आमच्या विद्यार्थ्यांना देवळांत जाऊन शपथेवर किंमत ठरविण्याची मुभा देण्याचें धैर्य आमच्यांत नाहीं.

आतां जें सांगावयाचें तें सांगून टाकतों. त्या वर्षीं नोव्हेंबरांत परीक्षेच्या कामासाठीं मी आठ दिवस परगांवीं होतों. १ डिसेंबरला ओवरींत शिरलों तेव्हां तीनशें रुपये खिशांत घडी करून ठेवलेले होते. फडताळ उघडलें. मनांत आलें, आठ दिवस आपण आलोंच नव्हतों. मग आलें, दिवाळींत सतरंज्यांसाठीं आपण कांहीं वेगळें दिलें होतें. मग आलें, बाकीचे किती टाकतात कोण जाणे. मीं पन्नासाची नोट टाकली आणि बाहेर आलों. हा सगळा हिशेब एका श्वासापेक्षां कमी वेळांत झाला. कोणी पाहत नव्हतें.

त्या महिन्याच्या अखेरीस गुरुजींनीं डबा उघडून दोनदां मोजलें. "भाड्याला चारशें कमी पडतात. मी घालतों," ते म्हणाले, आणि पेन्शनीच्या पैशांतून त्यांनीं घातले. कोणाकडे पाहिलें नाहीं. त्या चारशांतले अडीचशें कोणाचे, हें मला ठाऊक होतें. घरीं जातांना आणखी एक गोष्ट आठवली: ते आठ दिवस मी कर्तव्यरजेवर होतों, आणि कॉलेजानें त्यांचा पगार कापला नव्हता. शिकविण्याचें थांबलें तेव्हां मीं पैसे घेतले. शिकण्याचें थांबलें तेव्हां पैसे ठेवून घेतले.

बारा वर्षें पहाटे उठून ज्या पायऱ्या मी न पाहतां ओलांडून आंत येत होतों, त्यांतली तिसरी, अस्तेयाची, त्या दिवशीं पायाला ठेंचाळली. पैसा दारांतून आंत आला तेव्हां योग बाहेर गेला नव्हता. बाहेर गेलों होतों तो मी. आणि हें मला फुकटच्या वर्गानें कधीं दाखविलें नसतें, वहींतल्या फीनेंहि दाखविलें नसतें. एकांत देण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्यांत चुकविण्याला वाव नव्हता. म्हणून फी घेतल्यानें योगाचें मोल उतरतें का, असें आतां मला कोणी विचारलें तर मी व्याख्यान देत नाहीं. विचारणारालाच विचारतों, कीं फी देऊं न शकणाऱ्याचें नांव तेथें कोठें लिहिलें जातें का? देणारा दिल्यानंतर शिष्यच राहतो का? आणि घेणारा पुरतें शिकवून घेतो का? या तिन्हींचीं उत्तरें नीट मिळालीं तर तीनशें काय आणि तीन हजार काय, पैशाला दोष नाहीं. तीं नीट मिळालीं नाहींत तर विनामूल्य या शब्दालाहि फारसें पुण्य नाहीं.

१ जानेवारीला मीं मागचे अडीचशें आणि त्या महिन्याचे तीनशें टाकले. हिशेब मिटला, पण शपथ राहिलीच. इतक्या वर्षांची झोप, मानेची चमक गेली ती, आणि आतां हें एक ठेंचाळणें. देवळांत उभें राहून यांची किंमत किती सांगावी? दर पहिल्या तारखेला फडताळापुढें मी इतरांहून थोडा अधिक वेळ उभा राहतों. मग बाहेरून गुरुजींचा आवाज येतो, "प्रोफेसरसाहेब, कुंभक पुरे. रांग लागली आहे."